हरवलेला दुवा

१९८५ सालाच्या प्रारंभीं एक अहवाल प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची परिषद १९८२ मध्यें नैरोबी येथें भरली होती. तिच्या ठरावानुसार नेमलेल्या आयोगाचा तो अहवाल. अध्यक्ष होते सर डोनल्ड मेटलंड हे ब्रिटिश मुत्सद्दी. अहवालाचें नांव 'हरवलेला दुवा'. त्यांत असें दाखविलें होतें कीं, जगांतील ६० कोटी टेलिफोनांपैकीं तीन-चतुर्थांश अवघ्या नऊ देशांत आहेत. आणि एकट्या टोकियो शहरांत जितके आहेत तितके साऱ्या आफ्रिका खंडांत नाहींत!

आफ्रिका दूर, म्हणून असें झालें काय? मुळींच नाहीं. मुंबई १८७० सालीं सागरी तारेनें लंडनशीं जोडली गेली, आणि त्यानंतर नऊच वर्षांनीं एडनहून झांझिबार व मोझांबिकवरून दरबानपर्यंत तार पोंचली. पण ती साम्राज्याच्या सोयीसाठीं टाकलेली होती. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षें शेजारच्या दोन आफ्रिकी देशांतील संभाषण लंडन वा पॅरिसला वळसा घालून जाई, आणि त्या वळशाचें मोल गरिबांनींच भरावयाचें! या विषयांत मला सर्वांत खटकते ती हीच गोष्ट.

पुढें इंटरनेट आलें, आणि तोच प्रकार पुन्हा घडला. केनिया व टांझानिया यांना २००९ पर्यंत महागड्या उपग्रहावर विसंबून राहावें लागलें. त्या वर्षीं जुलैंत सीकॉमची सागरी तार सुरू झाली. तिचें एक टोक आपल्या मुंबईस आहे. तत्पूर्वीं २००७ सालींच केनियांत एम-पेसा निघालें होतें. ज्यांच्या घरीं तारेचा टेलिफोन कधींच आला नाहीं, तीं माणसें खिशांतल्या यंत्रावरून पैसे धाडूं लागलीं.

श्रीमंत राष्ट्रें मात्र हात आंखडूनच राहिलीं. जिनीव्हा (२००३) व ट्यूनिस (२००५) येथील जागतिक परिषदांच्या वेळीं सेनेगलचे अध्यक्ष अब्दुलाये वाद यांनीं एका सहाय्यनिधीचा आग्रह धरला; तो ऐच्छिकच राहिला व लवकरच आटला.

दूरसंचार संघाच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं २६० कोटी माणसें इंटरनेटबाहेर होतीं. श्रीमंत देशांत शंभरांतील ९३ जण तें वापरीत होते, अतिगरीब देशांत २७. या बाहेर राहिलेल्यांपैकीं बहुतेकांच्या गांवावरून लहरी जातात; पण यंत्राची किंमत आणि त्यावरील मासिक खर्च त्यांना झेपत नाहीं.