खाडीपाशी थांबणारा रस्ता

लासलगावात अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी रीत होती. त्यामुळे आम्ही मापारी आणि आडतीवरचे मुनीम सायकली बाहेर काढायचो त्या अमावास्या धरूनच. पण समुद्राकाठी अमावास्या म्हणजे उधाण. तिकडचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. दुपारच्या सुमाराला पाणी चढणार आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पुन्हा.

माघात आम्ही चौघे रेल्वेने मुंबईला आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलो. याच पाण्यात १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट बुडाली. तीही अमावास्याच, गटारीची. धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंवर माणसं गेली. आमची बाजार समिती सुरू झाली ती त्याच साली, १ एप्रिलला. आमच्याकडे सत्तेचाळीस म्हटलं की समिती आणि स्वातंत्र्य; या काठावर मात्र आधी ‘रामदास’.

तेव्हा कोकणी माणसाला मुंबई गाठायची तर बोटच होती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड अशा बंदरांना लागत. पुष्कळ ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, बोचकी, कोंबड्या सगळं पडावातून वर चढे. पावसाळ्यात तेही बंद. काठाकाठाने सलग जाणारा रस्ता नव्हताच, कारण दर थोड्या अंतरावर खाडी आडवी. सावित्रीकाठच्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. पुढे रस्त्याचे तुकडे होत गेले, मोठ्या खाड्यांवरचे पूल मात्र राहून गेले. मधली सोय सरकारने नाही, दाभोळच्या लोकांनी केली: २००३ मध्ये दाभोळ-धोपावे अशी गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. मग बाणकोट खाडीत, जयगडला, आगरदांड्याला.

अलिबाग सोडलं आणि आमचा वेग मेला. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. कांद्यातली माणसं आम्ही, प्रत्येक माळेपाशी उतरणार, मान दाबून बघणार, भाव विचारणार. गोडीला हा कांदा सरस, हे कबूल. पण चाळीत आमच्या उन्हाळ कांद्याइतका टिकायचा नाही. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, ती खाडी कधी ओलांडली ते कळलंही नाही. मुरूडच्या पुढे राजपुरीला भर दुपारी जंजिऱ्याच्या तटाला पाणी भिडलेलं दिसलं. हा किल्ला मराठ्यांना का घेता आला नाही, ते अमावास्येच्या भरतीला समजतं.

आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत सगळे एका रांगेत: मोटारी, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया, आम्ही. एका टेम्पोवाल्याने गाव विचारलं आणि म्हणाला, “लासलगाव? म्हणजे आमचा हापूस नेतात तेच ना?” बरोबर होतं त्याचं. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने आमच्याकडे विकिरण केंद्र उभारलं. अठरा वर्षांच्या खंडानंतर, २००७ मध्ये, हापूस पुन्हा अमेरिकेला गेला तो तिथे विकिरण करून. कांदा राहिला बाजूला!

मुक्काम दिवेआगरला. या गावात सापडलेला मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. ज्यांच्या वाडीत तंबू ठोकले, त्या काकांची बोलणी मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग वादळापाशी अडली होती. सुपारीची झाडं एका दुपारीत आडवी झाली, आणि नवं झाड धरायला वर्षं जातात. आम्हाला तंबू किनाऱ्यावर, सुरूंखाली हवे होते. काकांनी तिथी सांगितली, मध्यरात्रीच्या पाण्याची वाळूतली रेघ दाखवली आणि आम्ही निमूट वाडीत आलो.

पुलांचा विषय मीच काढला. आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड सगळीकडे आता पूल व्हायचे आहेत. मला सायकलवाला म्हणून फेरीबोट हवी. काका म्हणाले, “रात्री बाळंतीण न्यायची असली, तर बोट कुठे असते?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पूल व्हावेतच, फक्त जेट्ट्या मोडू नयेत आणि पुलावर सायकलला वेगळी पट्टी ठेवावी, एवढं मागायला हरकत नाही.