हॉटेल आणि कॅसिनो कंपन्यांचा वार्षिक अहवाल : पगार आणि सवलतींची माहिती कुठे पाहावी?

बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "सर, मुलगा हॉटेल लाइनला गेला तर चालेल का? पगार किती मिळतो?" माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मोठ्या हॉटेलात काम लागले. घरी मिठाई वाटली गेली. पहिल्या महिन्यात मात्र सांगितलेल्या २२ हजारांऐवजी हातात १७ हजार आले. नेमणूकपत्र पाहिले तर त्यावर हॉटेलचे नाव नव्हते, एका कंत्राटदाराचे होते. असे होऊ नये म्हणून काही गोष्टी आधीच पाहता येतात, आणि त्या मोफत मिळतात.

अहवाल कुठे मिळतो?

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला दरवर्षी वार्षिक अहवाल जाहीर करावा लागतो. ताज हॉटेल्स चालवणारी इंडियन हॉटेल्स, ओबेरॉयची ईआयएच, लेमन ट्री, गोव्यात कॅसिनो चालवणारी डेल्टा कॉर्प या सगळ्या नोंदलेल्या कंपन्या आहेत. अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर 'इन्व्हेस्टर्स' विभागात आणि बीएसई-एनएसईच्या वेबसाइटवर मिळतो. तो शेकडो पानांचा असतो, पण आपल्या कामाची पाने थोडीच.

पहिली जागा : मध्यक पगार

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, हे सांगावे लागते. मध्यक पगार वर्षभरात किती टक्के वाढला, तेही द्यावे लागते.

मध्यक म्हणजे आपल्या शाळेच्या गणितातलाच. पाच जणांचे पगार १५, १८, २०, २५ हजार आणि ५ लाख असतील, तर सरासरी १ लाख १५ हजार ६०० येते. मध्यक मात्र २० हजारच. 'सरासरी पगार' ऐकून खूश होऊ नका, मधला माणूस किती कमावतो ते विचारा. आणि हा मधला माणूससुद्धा पाच-दहा वर्षे जुना असू शकतो. नव्या मुलाचा पगार त्याहून कमीच धरावा.

दुसरी जागा : बीआरएसआर

हा सेबीने ठरवून दिलेला नमुना आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. यात पुढील गोष्टी तक्त्यात असतात :

- कायम कर्मचारी किती आणि कायम नसलेले किती
- आरोग्य विमा, अपघात विमा, प्रसूती लाभ, पाळणाघर यांचा फायदा किती टक्के लोकांना मिळतो
- पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय किती जणांना लागू आहे
- किमान वेतनाइतकेच घेणारे किती आणि जास्त घेणारे किती
- स्त्री-पुरुषांचा मध्यक पगार
- दरवर्षी किती टक्के कायम कर्मचारी नोकरी सोडून जातात

शेवटचा आकडा बारकाईने पाहा. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीपेक्षा तो बराच जास्त असेल, तर मुलाला मुलाखतीत कारण विचारायला सांगा. मुलगी नोकरीला जाणार असेल, तर लैंगिक छळाच्या तक्रारींचा तक्ताही याच अहवालात असतो.

अहवालात काय दिसत नाही?

कायम कर्मचाऱ्यांच्या रकान्यात विमा १०० टक्के दिसला, तरी कंत्राटी मुलाला तो मिळेलच असे नाही. त्याचा रकाना वेगळा असतो. म्हणून नेमणूकपत्रावर नाव कोणाचे, हे आधी पाहा. कंत्राटदाराकडे असलात तरी पीएफ हा तुमचा हक्क आहे. कंत्राटदाराने तो भरला नाही, तर कायद्याने मूळ मालकावरही जबाबदारी येते. पैसे जमा होतात की नाही, ते उमंग ॲपवर पासबुकात दिसते.

टिप पगारात धरू नका. ग्राहकाने खुशीने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे, असे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये आयटीसीच्या प्राप्तिकर खटल्यात म्हटले आहे. म्हणजे त्यावर पीएफही नाही. सर्व्हिस चार्जचेही तसेच. तो ग्राहकावर सक्तीने लावता येणार नाही, असा दिल्ली हायकोर्टाचा २०२५ चा निकाल आहे.

कॅसिनोचा मसला

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. आपली मुले जातात ती गोव्यात. तिथली कमाई जायज की नाही, हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. पण विचारताना माहिती पक्की हवी. एकाच कंपनीचे कॅसिनो आणि हॉटेल दोन्ही असतात. कोणत्या धंद्यातून किती उत्पन्न येते, ते अहवालात विभागवार दिलेले असते. मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणार की जुगाराच्या टेबलावर, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या.

खाजगी मालकीच्या हॉटेलांचे असे अहवाल सहज मिळत नाहीत. तिथे चार प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर लेखी मागा : हातात किती, पीएफ किती, ड्युटी किती तास, सुट्टी किती? उत्तर लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर सही करायची घाई करू नका.