‘लॅप्स’ : अर्थ, वापर आणि झाशीचा वारसा

विमा पॉलिसी ‘लॅप्स’ झाली, रजा ‘लॅप्स’ झाली, विधेयक ‘लॅप्स’ झाले, असे आपण सहज बोलतो. इंग्रजीतील हे क्रियापद मराठी व्यवहारात इतके रुळले आहे की त्याचा नेमका अर्थ पाहण्याची गरज सहसा भासत नाही. परंतु याच क्रियापदाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झाशीच्या मराठी राज्याचे भवितव्य ठरवले.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा मूळ अर्थ घसरणे किंवा निसटणे असा आहे. कोसळणे या अर्थाचा ‘कोलॅप्स’ आणि दुखणे उलटणे या अर्थाचा ‘रिलॅप्स’ हे शब्द त्याच कुळातील होत. कायद्याच्या भाषेत एखाद्या हक्काचे, कराराचे किंवा दस्तऐवजाचे बळ विहित मुदतीत वापर न झाल्यामुळे अथवा अट पूर्ण न झाल्यामुळे संपणे म्हणजे ‘लॅप्स’ होणे. शासकीय मराठीत यासाठी ‘व्यपगत होणे’ असा शब्द आहे.

हे क्रियापद मुख्यत्वे अकर्मक आहे. हक्क आपोआप संपतो. तो संपवणारा कोणी दिसत नाही. ‘रद्द करणे’ आणि ‘लॅप्स होणे’ यांतील मुख्य फरक हाच. रद्द करणाऱ्याला जाब विचारता येतो; आपोआप संपलेल्या गोष्टीचा जाब कोणाला विचारणार?

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत (१८४८ ते १८५६) ईस्ट इंडिया कंपनीने या शब्दाचा राजकीय वापर केला. औरस पुत्र नसलेल्या अंकित संस्थानिकाने कंपनीच्या संमतीविना घेतलेल्या दत्तकाला गादीचा हक्क नाही, अशी भूमिका घेण्यात आली. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर ही राज्ये याच न्यायाने गेली.

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांचे २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निधन झाले. आदल्याच दिवशी त्यांनी आनंदराव या बालकाला विधिपूर्वक दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. राणी लक्ष्मीबाई यांनी पूर्वीच्या तहांचा दाखला देऊन हा वारसा मान्य करण्याची मागणी केली. जॉन लँग या वकिलाचा सल्लाही त्यांनी घेतला. तथापि १८५४ मध्ये झाशी कंपनीच्या राज्यात सामील करण्यात आली. खासगी मालमत्तेपुरता दामोदररावांचा हक्क मानला गेला, राज्यापुरता नाही.

इंग्रजी कागदपत्रांत झाशी ‘लॅप्स’ झाली. मराठीने मात्र ‘खालसा’ हा शब्द योजला. खालसा म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातील मुलूख. त्यामुळे ‘झाशी खालसा झाली’ असे म्हटले तरी ती कोणाच्या हाती गेली, हे शब्दातच स्पष्ट होते. इंग्रजी क्रियापदाने झाकलेला कर्ता मराठी शब्दाने उघड केला.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांना हे धोरण सोडावे लागले. लॉर्ड कॅनिंग यांच्या काळात संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा देण्यात आल्या. पुढे १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यात हेच क्रियापद पुन्हा आले. या वेळी मात्र ‘लॅप्स’ झाली ती संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौम सत्ता.

आज राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ नुसार लोकसभा विसर्जित झाल्यावर तेथे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात. राज्यसभेत प्रलंबित असलेली आणि लोकसभेने संमत न केलेली विधेयके मात्र होत नाहीत. हप्ता सवलतीच्या मुदतीतही न भरल्यास विमा पॉलिसी ‘लॅप्स’ होते, पण ठरावीक काळात अटी पूर्ण करून ती पुन्हा चालू करता येते. म्हणून एखादा हक्क ‘लॅप्स’ झाल्याचे कळवण्यात आल्यास तीन गोष्टी अवश्य तपासाव्यात : कोणती अट मोडली, ती अट कोणी घातली आणि हक्क परत मिळवण्याचा मार्ग खुला आहे काय. झाशीच्या राणीने कंपनीपुढे मांडलेल्या तक्रारीतही मूलतः हेच प्रश्न होते.