पवनचक्कीचे अनुकूली नियंत्रण

पवनचक्कीचे अनुकूली नियंत्रण : वाऱ्यातून जास्तीत जास्त ऊर्जा मिळावी म्हणून नियंत्रणाचा गुणक चक्की फिरत असतानाच बदलत राहण्याची पद्धत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. पण तिचा ५९.३ टक्क्यांहून अधिक वाटा पात्यांना घेता येत नाही, हे आल्बर्ट बेट्स यांनी १९२० मध्ये दाखवले. या मर्यादेच्या जवळ जायचे तर पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या साधारण सात-आठ पट राहावा लागतो. त्यासाठी जनित्राचा पीळ पात्यांच्या फिरण्याच्या वेगाच्या वर्गाशी एका गुणकाने बांधलेला असतो. हा गुणक हवेची घनता आणि पात्यांची घडण यांवरून ठरतो.

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ मोथा येथे पवनचक्क्या आहेत. गाविलगडच्या रांगेतील हा भाग सुमारे १,१०० मीटर उंच असल्याने तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते. खाली अकोल्याच्या सपाटीवर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तेवढ्यानेच हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्के हलकी होते. घनतेतील अशा फरकासाठी गुणकाची दुरुस्ती दाब व तापमान मोजून सूत्राने करता येते. पात्यांवर साचलेली धूळ, चिकटलेले कीटक, झिजलेली कड यांना मात्र सूत्र नाही. उन्हाळ्यात मळलेले पाते पावसात धुऊन निघते, म्हणजे तेच पाते मे आणि जुलैत वेगळे वागते. अनुकूली नियंत्रणाची खरी गरज इथेच आहे.

अमेरिकेत कॅथ्रिन जॉन्सन, लूसी पाओ व सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतील ६०० किलोवॅटच्या प्रायोगिक चक्कीसाठी अशी पद्धत मांडली (२००६). गुणक किंचित बदलायचा, काही तास उपलब्ध ऊर्जेपैकी किती हाती आली ते पाहायचे. वाटा वाढला तर त्याच दिशेने पुढे जायचे, घटला तर मागे फिरायचे. झुळका क्षणोक्षणी बदलतात, म्हणून घाईत काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. गुणक वाजवीपेक्षा मोठा झाला तर पाती मंदावतात आणि नुकसान झपाट्याने वाढते; थोडा लहान राहिला तर ते सोसण्याजोगे असते.

पद्धतीचा उपयोग मध्यम वाऱ्यापुरता आहे. पूर्ण क्षमतेच्या वाऱ्यात पात्यांचा कोन बदलून जादा शक्ती सोडून द्यावी लागते. एकाच वेगाने फिरणाऱ्या जुन्या चक्क्यांत पीळ हवा तसा बदलता येत नाही, त्यामुळे त्यांना ही पद्धत लावता येत नाही.