नाव शिकागोचे, पेढी सिंधची

सिंदी मेघेला आलेल्या पाहुण्यांना सेवाग्रामला घेऊन जाताना आम्ही त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : महात्माजींच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यासमोरील मायक्रोफोनवर कोणती अक्षरे दिसतात? बहुतेकांनी ती पाहिलेली असतात, वाचलेली मात्र नसतात. ती अक्षरे आहेत ‘शिकागो रेडिओ’.

नाव अमेरिकेचे, पण पेढी अस्सल सिंधी. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सक्कर येथे विजेच्या सामानाचा व्यापार आरंभिला. पुढे कराची व त्यानंतर मुंबई असा या घराण्याचा प्रवास झाला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या वर्षाअखेर सबंध देशात रेडिओचे परवाने होते अवघे ३,५९४! परवान्याची वार्षिक फी दहा रुपये. ती परवान्याची पुस्तिका पोस्टात नेल्याचे आमच्या वयाच्या वाचकांना स्मरत असेल. आरंभीच्या त्या काळात रेडिओ विकणे म्हणजे ग्राहकाला प्रथम एरियलची तार कोठे बांधावी, हे शिकवणे होते.

ग्यानचंदांचे पुत्र नानिक यांनी मात्र या विद्येचा निराळाच उपयोग केला. हजारोंच्या सभेत गांधीजींचा क्षीण आवाज मागील रांगांपर्यंत पोहोचत नसे. नानिकांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम अंगावर घेतले. आज आमच्या पॅरिशच्या सणाला कर्णे जरा जास्तच ओरडतात, ही गोष्ट वेगळी. परंतु त्या काळी कर्णा हे मोठेच दान होते.

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने आमच्या वर्ध्यातच ठराव केला, आणि ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ची घोषणा झाली. नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली. तेव्हा उषा मेहता व त्यांचे तरुण सहकारी यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. त्यासाठी लागणारी काही सामग्री शिकागो रेडिओकडून आली. सरकारी परवान्यावर चालणारी दुकानदारी आणि राजद्रोहाला साह्य! नानिकांनी केवढा धोका पत्करला होता, याची कल्पना व्यापारी कुटुंबातील वाचकांना अधिक येईल. प्रक्षेपणाची जागा सतत बदलावी लागे. अखेर एका तंत्रज्ञाच्या फितुरीने घात केला व १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात छापा पडला.

खटल्यात उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिकही आरोपींच्या पिंजऱ्यात होते. पण ते निर्दोष सुटले. ज्यांना शिक्षा झाली त्यांची नावे इतिहासाने जपली, हे योग्यच झाले. सुटलेल्या दुकानदाराच्या वाट्याला मात्र मायक्रोफोनवरील दोन शब्द तेवढे उरले, आणि त्यांतही त्याचे स्वतःचे नाव नाही.

पुढे या घराण्याचा कारखाना नाशिकला उभा राहिला. तेथे विजेची मापनयंत्रे तयार होऊ लागली.