खर्ड्याचा तह आणि दाभोळचा वायू

१/ #थ्रेड
जामखेड तालुक्यातील खर्ड्याचा किल्ला आमच्या भागातील मुलांना शाळेच्या सहलीपासून ठाऊक असतो. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. आजचा विषय मात्र लढाईचा नाही. विषय आहे नैसर्गिक वायू, त्याचा जागतिक व्यापार आणि त्यात महाराष्ट्राने मोजलेली किंमत. सुरुवात खर्ड्यापासून का, ते ओघात येईलच.

२/ खर्ड्याच्या तहात निजामाने सुमारे तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला व मोठा मुलूख देण्याचे कबूल केले. आपला दिवाण मशीर-उल-मुल्क यालाही त्याने मराठ्यांच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव पेशव्यांचा मृत्यू झाला आणि पुण्यात वारशाचा पेच उभा राहिला. १७९६ मध्ये महाडच्या तहात नाना फडणिसांना निजामाच्या पाठिंब्यासाठी खर्ड्याची बहुतेक कमाई सोडावी लागली.

३/ तह मोडला, कारण तो लिहिताना असलेली परिस्थिती तो पाळण्याच्या वेळी उरली नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोणत्याही कराराविषयी हाच प्रश्न पडतो : परिस्थिती पालटली, तर नुकसान कोणी सोसायचे? नैसर्गिक वायूचा सारा उद्योग याच प्रश्नाभोवती उभा आहे.

४/ याचे कारण वायूच्या स्वभावात आहे. कोळशाचा ढीग रचता येतो, तेल टाकीत भरून ठेवता येते. वायूला मात्र नळवाहिनी हवी, नाहीतर उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. द्रव झाला की त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते आणि तो जहाजात मावतो. १९५९ मध्ये ‘मिथेन पायोनियर’ या जहाजाने अमेरिकेतून इंग्लंडला असा वायू प्रथम नेला.

५/ द्रवीकरणाचा कारखाना, खास जहाजे, उतरवून घेण्याचे टर्मिनल या साऱ्याला अफाट भांडवल लागते. म्हणून विकणारा आधी वीस-पंचवीस वर्षांचा करार मागतो. त्यात एक कलम हमखास असते : ठरलेला माल उचला, अथवा न उचलता पैसे द्या. हे कलम लक्षात ठेवावे. पुढे ते तीनदा भेटणार आहे.

६/ येथे एक खुलासा. स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये असतो तो द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन; तो नळाने घरी येतो किंवा सीएनजी म्हणून वाहनात भरला जातो. बोलताना आपण दोहोंनाही ‘गॅस’ म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. नाते मात्र आहे : उरणच्या प्रकल्पात समुद्रातील वायूवर प्रक्रिया करताना सिलिंडरचा वायूही वेगळा काढला जातो.

७/ महाराष्ट्राची वायुकथा सुरू होते १९७४ मध्ये. ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात तेल शोधले. १९७६ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वायूही वर आला. तो वाहून नेण्याची व वापरण्याची पुरेशी सोय नव्हती, म्हणून प्रारंभीच्या वर्षांत त्यातील बराचसा समुद्रातच जाळून टाकावा लागला.

८/ हळूहळू सोय झाली. १९८० च्या दशकात उरणला वायूवर चालणारे वीजकेंद्र आले, अलिबागजवळ थळ येथे वायूपासून युरिया बनवणारा मोठा कारखाना आला. १९८४ मध्ये ‘गेल’ स्थापन झाली आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही नळवाहिनी उत्तरेकडे निघाली. जामखेडच्या शेतकऱ्याच्या घरी वायूचा नळ कधी आला नाही. वायू त्याच्या बांधावर युरियाच्या गोणीतून आला.

९/ पुढचे प्रकरण दाभोळचे. वास्तविक प्रकल्प दाभोळात नाहीच. दाभोळ बंदर वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेलला, गोपाळगड किल्ल्याच्या शेजारी. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ व अमेरिकेची एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला. तेव्हा देशात द्रवरूप वायू उतरवून घेणारे एकही टर्मिनल नव्हते.

१०/ वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. मुदत वीस वर्षे. वीज घेतली वा न घेतली, तरी स्थिर आकार द्यायचा. हिशेब डॉलरशी बांधलेला. इंधनाचा भाव वाढला तर भार मंडळावर. वर राज्य शासनाची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. एप्रिल १९९३ मध्येच जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ गटानेही कराराची आकडेवारी तपासून धोक्याची सूचना दिली होती.

११/ १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. युतीचे शासन आले. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. जानेवारी १९९६ मध्ये तोच करार नव्या अटींनी परत आला. पहिल्या करारात ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक होता आणि एकूण क्षमता २,१८४ मेगावॅटवर गेली होती. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले.

१२/ या काळात अंजनवेल, वेलदूर परिसरातील ग्रामस्थ व मच्छीमार आंदोलन करत होते. त्यांच्यावरील पोलिसी कारवाईविषयी ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने १९९९ मध्ये स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. प्रकल्पाचा इतिहास केवळ दरपत्रकाचा नाही, याची ही नोंद आवश्यक वाटते.

१३/ पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वायू आलेला नसल्याने तो नाफ्थ्यावर चालला. पाठोपाठ तेलाचे भाव चढले, रुपया घसरला. स्वस्त कोळशाची वीज कमी करून महाग वीज घ्यावी, की न घेता स्थिर आकार भरावा, असा पेच मंडळापुढे पडला. बिले थकली. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. वायूवर चालायचा दुसरा टप्पा व टर्मिनल बरेच उभे राहिले होते. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

१४/ माझा जन्म त्याच सुमाराचा. माझ्या पिढीची पहिली स्मरणे भारनियमनाची आहेत : कंदिलाखालचा गृहपाठ, रात्री दोनला मोटार चालू करायला बॅटरी घेऊन निघालेले आजोबा, पहाटे ओल्या चिखलाने भरलेले त्यांचे पाय. भारनियमनाला दाभोळ हे एकमेव कारण नव्हते. मागणी वाढत असता राज्यात नवी क्षमता पुरेशी उभी राहिली नाही, हे मोठे कारण होते. तरी दोन हजार मेगावॅटची यंत्रे किनाऱ्यावर गंजत होती, हेही तितकेच खरे.

१५/ २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांनी ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी काढून प्रकल्प हाती घेतला. २००९ पासून त्याला कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू मिळू लागला. पण त्या क्षेत्राचे उत्पादन २०१० नंतर अपेक्षेपेक्षा फार लवकर कोसळले आणि २०१३ मध्ये प्रकल्पाचा वायूपुरवठा थांबला. त्याच वर्षी टर्मिनल सुरू झाले. मात्र लाटा थोपवणारा बंधारा अपुरा असल्याने पुढे कितीतरी वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. पुढे काही वर्षे रेल्वेने यातील सुमारे ५०० मेगावॅट वीज घेतली.

१६/ याउलट दुसरा करार पाहा. १९९९ मध्ये पेट्रोनेट कंपनीने कतारशी पंचवीस वर्षांचा वायुकरार केला. जानेवारी २००४ मध्ये गुजरातेत दहेजला पहिले जहाज लागले. यातही ‘उचला अथवा पैसे द्या’ होतेच. २०१५ मध्ये बाजारभाव करारापेक्षा बराच खाली आला तेव्हा भारताने ठरल्यापेक्षा कमी माल उचलला. दंड हजारो कोटींचा होता. दोन्ही बाजू बसल्या : कतारने भावाचे सूत्र बदलले, दंड सोडला, भारताने वर्षाला दहा लाख टन अधिक वायू घेण्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच करार २०२८ नंतर आणखी वीस वर्षांसाठी वाढवला गेला.

१७/ तिसरा करार २०१२ चा. गेल आणि रशियाच्या गाझप्रॉमची सिंगापूरमधील शाखा. वीस वर्षे, वर्षाला सुमारे २५ लाख टन. २०१८ मध्ये जहाजे येऊ लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ज्या जर्मन कंपनीमार्फत हा वायू यायचा ती जर्मन शासनाने ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि भारताची जहाजे थांबली. यावेळी माल न देणारा पक्ष विकणारा होता. वाद लवादाकडे गेला. तो २०२५ मध्ये तडजोडीने मिटला.

१८/ त्या वर्षी युरोपने रशियन नळाच्या बदली जगभरचा द्रवरूप वायू वाटेल त्या भावाने उचलला. २०२० च्या उन्हाळ्यात आशियात दोन डॉलरच्या आसपास मिळणारे एकक ऑगस्ट २०२२ मध्ये पन्नास डॉलरच्या वर गेले. पाकिस्तान व बांगलादेशात दिवे गेले. भारतानेही महाग माल टाळला. आपल्याकडे वीज कोळशावर निभावली, युरियाच्या अनुदानाचा बोजा मात्र फुगला. ४५ किलोच्या गोणीचा भाव जामखेडच्या दुकानात बदलला नाही. फरक सरकारी तिजोरीने, म्हणजे आपणच भरला.

१९/ आज चित्र पुन्हा पालटते आहे. शेल वायूच्या बळावर २०२३ मध्ये अमेरिका द्रवरूप वायूची सर्वांत मोठी निर्यातदार झाली. कतारही क्षमता वाढवत आहे. भारत आपल्या वापराचा जवळजवळ निम्मा वायू आयात करतो. ऊर्जेत वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे, परंतु इंधनाअभावी देशातील वायुवीजकेंद्रे आपल्या क्षमतेच्या फार खाली चालतात.

२०/ पर्यावरणाचा प्रश्नही सुटलेला नाही. जळताना वायू कोळशाच्या सुमारे निम्माच कर्बवायू सोडतो, म्हणून त्याला सौरयुगाकडे नेणारा पूल म्हणतात. पण न जळता गळालेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. विहिरीपासून चुलीपर्यंत किती गळती होते, यावर पुलाची मजबुती ठरते.

२१/ आमच्या जिल्ह्यात शहरी वायुवितरणाचा परवाना दिला गेला आहे. समृद्धी महामार्गाच्या कडेने नागपूरपर्यंत नळवाहिनी टाकली गेली. दुसरीकडे शेतीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आमच्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. नळ जामखेडपर्यंत येईल तेव्हा त्याचे स्वागतच आहे. आजोबांच्या मोटारीला मात्र दिवसाच्या विजेची गरज अधिक होती.

२२/ तीन करारांतून काय दिसते? दाभोळमध्ये सारी जोखीम एकाच बाजूच्या माथी होती, म्हणून करार कोसळला. कतारशी झालेल्या करारात दोघांनाही पुढची वीस वर्षे एकमेकांची गरज होती, म्हणून तो वाकला पण तुटला नाही. रशियाच्या बाबतीत युद्धाने दोघांनाही विचारले नाही. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये दाभोळचा अहवाल दिला. तो महाविद्यालयात इतिहासाचे साधन म्हणून शिकवला जावा, असे मला वाटते.

२३/ खर्ड्याचा विजय खराच होता. महाडला त्याची किंमत मोजली गेली तेव्हा खर्ड्याला लढलेल्या शिपायांना कोणी विचारले नसावे. अंजनवेलच्या कोळ्याला किंवा जामखेडच्या शेतकऱ्याला १९९३ मध्ये कोणी विचारले नव्हते. पुढचा वीस वर्षांचा करार होईल तेव्हा तो सहीपूर्वी सर्वांना वाचायला मिळावा, एवढी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.

चूकभूल द्यावी घ्यावी. कोणाच्या घरी दाभोळ आंदोलनाच्या किंवा भारनियमनाच्या काळातील आठवणी, कात्रणे असतील, तर खाली जरूर लिहा. (समाप्त)