पुरलेला मासा

मेजवानीच्या आरंभी वाटाण्याच्या चपट्या, कोवळ्या शेंगा उकळत्या पाण्यातून काढून, शिवणीवर उकलून, त्यांत सॅल्मन माशाचे काप भरण्याची पद्धत पाश्चात्त्य घरांत आहे. हा मासा आज श्रीमंती मिरवतो. त्याचा इतिहास मात्र टंचाईचा आहे. मध्ययुगीन स्कँडिनेव्हियात मीठ महाग. म्हणून कोळी अल्प मीठ लावून मासा जमिनीत पुरीत व आंबवीत. स्वीडिश भाषेत 'ग्राव' म्हणजे खड्डा, 'लाक्स' म्हणजे सॅल्मन. १३४८ सालच्या एका दस्तऐवजात येमट्लंड प्रांतातील ओलाफ नामक माणसाचे उपनामच 'ग्रावलाक्स' आढळते. सेमिनरीत आम्ही राजांच्या वंशावळी पाठ केल्या. या ओलाफाची गाठ तेथे कधी पडली नाही. पुढे पुरणे सुटले. आता मीठ, साखर आणि शेपू लावून मासा थंड जागी दाबून ठेवतात. होय, आपली मुले नाक मुरडतात तोच शेपू!